मदत हवी आहे: मुंबईत गेलं की दुसऱ्या हाफमध्ये आमची रग्बी टीम ढेपाळते

मालवा_तेरा: इंदूरहून लिहितोय, घाईत आहे. आमची पोरं इथे शेवटच्या मिनिटापर्यंत पळतात. मुंबईत उतरली की दुसऱ्या हाफमध्ये पार गळून जातात. टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) सुटतात, पावसाचा थेंब नसताना बॉल हातातून निसटतो. गेल्या मोसमातही हेच झालं. बारा दिवसांनी पुन्हा तिथेच सामना आहे. काय करू? "स्टॅमिना वाढवा" कृपया सांगू नका, स्टॅमिना आहे.

माहीम_किनारा: सातचं रग्बी की पंधराचं? पोरांचं वय काय? सामना किती वाजता? काहीच न सांगता कोण काय सुचवणार?

मालवा_तेरा: तेराचं, रग्बी लीग. आयडीतच लिहिलंय. वय अठरा-एकोणीस. सामना दुपारी तीनला.

माहीम_किनारा: आणि सराव?

मालवा_तेरा: पहाटे साडेपाचला. नंतर सगळ्यांची कॉलेजं, नोकऱ्या. पण सरावाचा प्रश्नच नाहीये, सराव उत्तम चालतो.

हडर्सफील्डकर: दादा, प्रश्न सरावाच्या वेळेचाच आहे. सराव पहाटेच्या गारव्यात, सामना दुपारच्या उकाड्यात. 1895 मध्ये हा खेळ पंधराच्या रग्बीपासून इंग्लंडमधल्या ज्या गावात वेगळा झाला तिथे मी राहतो, म्हणून सांगतो. पंधराच्या रग्बीवाल्यांना लीगमधली दमछाक कळत नाही. दर टॅकलनंतर बचावाची अख्खी ओळ दहा मीटर मागे, मग लगेच पुढे धाव, टॅकल, पुन्हा मागे. सहा टॅकलचा सेट (सहाव्यानंतर बॉल समोरच्यांना) होईपर्यंत प्रॉपचं, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्याचं, अंग तापून निघतं, आणि अंग जितकं भारी तितकं ते निवायला वेळ लागतो. इथेही हा खेळ हिवाळ्यातलाच होता. 1996 मध्ये सुपर लीग ही इथली वरची स्पर्धा आली आणि तो उन्हाळ्यात नेला. मैदान कडक, बॉल कोरडा, खेळ एकदम वेगवान झाला. पण इथला उन्हाळा तो कितीसा! मुंबईच्या ऑक्टोबरपुढे काहीच नाही.

छावणीचा_भिया: मला नाही पटत. आपली पोरं मे महिन्यात 42 अंशांत गल्लीत क्रिकेट खेळतात. मुंबईत असून असून 34-35. हा मनाचा खेळ आहे. बाहेरगावी गेलं की दडपण येतं.

फिजिओताई: भाऊ, नुसता पारा बघू नका, हवेतला ओलावा बघा. घाम वाळला तरच अंग गार होतं. माळव्यात मे महिन्यात हवा कोरडी असते, जर्सी अंगावरच वाळते आणि पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ उमटतात. मुंबईत तोच घाम टपटप गळतो. शरीरातलं पाणी जातं, गारवा मात्र मिळत नाही. बॉल निसटतो तोही त्यामुळेच. घाम दंडावरून मनगटात, मनगटावरून तळहातात येतो.

मालवा_तेरा, दमट उकाड्याची पूर्ण सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, पण बराचसा फरक पहिल्या आठवड्यातच पडतो. उद्यापासून सराव दुपारी तीनला घ्या. इंदूरच्या दुपारी मुंबईचा ओलावा मिळणार नाही, तरी अंगाला तापायची सवय होईल. सुरुवातीला अर्धा तास, मग रोज थोडं वाढवा. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन करा. नव्वद किलोच्या मुलाचं दोन किलो उतरलं, तर तो पाणी कमी पितोय आणि त्याचा खेळ खालावणार. कोण किती घामाघूम होतो ते मुलागणिक वेगळं, म्हणून सरसकट "एक बाटली प्या" चालत नाही.

छावणीचा_भिया: एवढं कशाला? प्लास्टिकचं जॅकेट घालून पळवा. कुस्तीत वजन उतरवायला आम्ही हेच करायचो.

फिजिओताई: अजिबात करू नका! त्यात उष्माघात होऊन जीव जाऊ शकतो. मुलगा असंबद्ध बोलायला लागला, पाय लटपटले, तर खेळ तिथेच थांबवा. आधी बर्फाच्या पाण्याने अंग गार करा, सोबतच ॲम्ब्युलन्स बोलवा.

रामबागेतला: इंदूरच्या खेळाचा विषय निघालाच आहे तर नव्या पोरांनी हेही वाचावं. सी. के. नायडूंच्या काळात होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईसारख्या संघाच्या तोडीस तोड खेळ होता तो.

मालवा_तेरा: काका, अभिमान आहेच. पण आत्ता रग्बीचं सांगा.

पावसाळी_किकर: उकाड्याबद्दल सगळे बोलले, परतीच्या पावसाचं काय? दुपारी ढग आले तर? 1968 ची लंडनच्या वेम्बलीवरची रग्बी लीगची चॅलेंज कप फायनल बघा. मैदानावर तळं साचलं होतं. शेवटी वेकफील्डच्या डॉन फॉक्सला अगदी गोलपोस्टसमोरून किक होती, बसली असती तर कप त्यांचा. ती बाहेर गेली आणि लीड्स 11-10 ने जिंकले. आतापासून बॉल बादलीत बुडवून पासिंग घ्या. आणि ओल्या मैदानात तिसऱ्या-चौथ्या टॅकललाच खाली घसरती किक मारा.

हडर्सफील्डकर: बादली बरोबर, किक चूक. चौथ्याला बॉल देऊन टाकला की पुन्हा बचावच करायचा, म्हणजे तेच दहा मीटर मागे-पुढे. दमलेल्या टीमने पाचव्या टॅकलपर्यंत बॉल छातीशी धरावा, लांब पास टाळावा.

पावसाळी_किकर: ओल्या मैदानात समोरच्यांच्या हातूनही बॉल सुटतो, ते कुठे धरलंत?

माहीम_किनारा: भांडण बाजूला ठेवा. मालवा_तेरा, मुंबईत पोहोचता कधी?

मालवा_तेरा: शनिवारी अवंतिकाने निघतो, रविवारी सकाळी मुंबई सेंट्रल.

फिजिओताई: म्हणजे रात्रभर गाडीत अर्धवट झोप आणि त्याच दुपारी सामना? दादा, हे पहिल्या ओळीत हवं होतं. गाडीत मुलं पाणीही कमी पितात, बाथरूमला उठायला नको म्हणून. जमलं तर गुरुवारीच निघा, दोन दुपारी तिथल्या हवेत हलका सराव होईल.

माहीम_किनारा: आणि आयोजकांना आजच लिहा, प्रत्येक हाफमध्ये एक पाण्याचा ब्रेक द्या म्हणून. दोन्ही टीमच्या फायद्याचं आहे, कोणी नाही म्हणणार नाही. प्रॉपला तो दमायच्या आधी बाहेर काढा. दमल्यावर काढलेला परत उभा राहत नाही.

मालवा_तेरा: फिजिओताई, किनारा, मनापासून आभार. वजनकाटा आणला, उद्या तीनला सराव लावलाय, दोघांचे साहेब रजा देत नाहीयेत, त्यांच्याशी बोलतोय. गुरुवारची तिकिटं बघतो. दादरला अठरा जणांची तीन रात्रींची स्वस्तात सोय कुठे होईल?

छावणीचा_भिया: तिकीट नाही मिळालं तर बसचं मी बघतो. फोन कर.