सल्ला हवा: फँटसी मालिकेतल्या देवदूताचे पंख. चित्रं कुठली बघावी, बनवावे कसे?

वर्धारोड_कट्टा
फँटसी वेब मालिका आहे, शूट नागपुरात, एप्रिल-मे. एक पात्र देवदूत. दिग्दर्शकाला ख्रिसमस कार्डावरचे पांढरे पंख नकोत, 'जुन्या चर्चमधल्या चित्रांसारखं' हवंय. पंखांचं बजेट १५ हजार. संदर्भाला कुठली चित्रं बघू? आणि काम चितार ओळीत, म्हणजे इथल्या मूर्तिकारांच्या गल्लीत, द्यावं का?

रंगपेटी
आधी पांढरा रंग डोक्यातून काढा भाऊ. पंधराव्या शतकातल्या इटलीत देवदूताचे पंख पोपटालाही लाजवतात. फ्लोरेन्सच्या सान मार्को मठातलं फ्रा अँजेलिकोचं भित्तिचित्र बघा, ज्यात गॅब्रिएल मरियेला निरोप सांगतो. पंखांवर रंगांचे पट्टे एकाखाली एक. तिथल्याच मेदिची वाड्यात बेनोझ्झो गोझ्झोलीच्या १४५९ च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत तर पंखांवर चक्क मोरपिसाचे डोळे आहेत. आपल्या प्रेक्षकाला ते लगेच भिडेल.

भीतीदायक हवं असेल तर बायबलच उघडा. यशयाच्या ६ व्या अध्यायातल्या 'सराफ' नावाच्या देवदूतांना सहा पंख: दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला, दोन उडायला. यहेज्केलाला दिसलेल्या प्राण्यांना (हेच बायबलातले करूब) माणूस, सिंह, बैल, गरुड अशी चार तोंडं, आणि सोबतच्या चाकांच्या धावांवर डोळेच डोळे. लोक 'करूब' म्हणून जी गुटगुटीत बाळं दाखवतात, ती रोमन कामदेवाकडून आलेली. त्यांचा या करूबांशी संबंध नाही.

एक सांभाळा. हातात लिलीचं फूल दिलं की तो गॅब्रिएल, तलवार आणि तराजू दिला की मायकल. पात्र काल्पनिक असेल तर या खुणा टाळा, नाहीतर जाणकार नको तो अर्थ काढतील.

कामटी_मांजा
चितार ओळीतल्या मूर्तिकारांचा हात मातीत बसलेला. तुम्हाला हलकं काम पाहिजे, तर मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठे पुतळे, बांधणारे शोधा, बांबूच्या कामट्या वाकवायचं काम त्यांना सांगावं लागत नाही.

सांगाडा कामट्यांचा, पिसं ईव्हीए फोमची (रबरासारखा मऊ, हलका शीट): मोठ्यांना ५ मिमी, वरच्या बारक्यांना २ मिमी. पक्ष्याच्या पंखासारखे तीन थर करा. टोकाला १० लांब पिसं, मधे मध्यम, खांद्याजवळ खवल्यांसारखी बारीक. चिकटवायला खालच्या काठापासून सुरुवात करून वर चढा, कौलं घालतात तसं. वरून सुरू केलं तर प्रत्येक पिसाचं बूड उघडं दिसतं आणि मग ते झाकायला आणखी पिसं लागतात.

ग्लू गन वापरू नका. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून काय तापते माहीत आहे ना? त्यात ठेवलेल्या पंखांचा गोंद मऊ पडतो आणि पिसं आपल्याच वजनाने घसरतात. रबर सोल्युशन घ्या, दोन्ही बाजूंना लावा, १० मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. रंगाआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन पातळ हात द्या, नाहीतर फोम रंग पिऊन घेतो. एकच जाड हात दिला तर पंख हलताना तडकतो.

वजन खांद्यावर टाकू नका. पंख मागे ओढतात, पट्टा गळ्याशी येतो, नट दहा मिनिटांत वैतागतो. पाठीवर फळी आणि कमरेला रुंद पट्टा, ट्रेकिंगच्या सॅकसारखं.

लाईट_सदर
राजे हो, पंख बनवताच कशाला? 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेत चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात (२००८) कॅस्टिएल हा देवदूत येतो, तेव्हा पंख दिसतात ते फक्त भिंतीवर, विजेच्या लखलखाटात पडलेली सावली. पाहणाऱ्याच्या डोक्यात ते जेवढे मोठे होतात, तेवढे कोणी बांधून देणार नाही.

मांडणी अशी: भिंतीपासून ४ मीटरवर उघडा एलईडी, दिव्यापासून १ मीटरवर पुठ्ठ्याचे कापलेले पंख, नट दिव्यापासून ३ मीटरवर. सावली चौपट होते. प्रत्येक पंख ३० सेंमी कापा, मधे १५ सेंमी मोकळं सोडा. भिंतीवर पूर्ण पसारा ३ मीटर होतो. १५ सेंमी यासाठी, की नटाजवळ ती फट ४५ सेंमीची होते, म्हणजे साधारण खांद्यांएवढी, आणि पंख खांद्यातूनच फुटल्यासारखे वाटतात.

सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवणारी कापडी पेटी) लावलात तर सगळं मुसळ केरात. दिवा २ सेंमीचा असेल तर कडा ६ सेंमी पसरते, २० सेंमीचा असेल तर ६० सेंमी. पंखांची पिसं दिसायची सोडाच, ढग दिसतो.

वर्धारोड_कट्टा
हे भारी आहे! वीज चमकल्यासारखं करायला फ्लॅश चालेल?

लाईट_सदर
नाही. मोबाइल आणि बहुतेक कॅमेरे चित्र वरून खाली वाचतात, त्यामुळे फ्लॅशचा क्षण अर्ध्याच चौकटीवर येतो, वर उजेड आणि खाली अंधार. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम, म्हणजे एक चौकट, ४० मिलिसेकंदांची. एलईडी किमान १०० मिलिसेकंद पेटता ठेवा, म्हणजे एक तरी चौकट पूर्ण उजेडात येते. शटर १/५० सेकंद, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झशी जुळतं, पट्टे येत नाहीत. कॅमेरा पुठ्ठ्याच्या पुढे, खाली आणि बाजूला ठेवा, नाहीतर त्याचीही सावली भिंतीवर.

रंगपेटी
सावलीचं ठरलं तर पुठ्ठा कापताना गोझ्झोलीचे पंख आकारासाठीच बघा, मोरपिसाचे डोळे सावलीत येत नाहीत. हवेच असतील तर पुठ्ठ्यात एकेका डोळ्याला नाण्याएवढं भोक पाडा. पिसांची टोकं मात्र सुटी ठेवा, एकमेकांत शिरली की भिंतीवर सूप दिसतं.

कामटी_मांजा
सूप तर सूप, पण माझे पंख रद्द करू नका. जवळून दिसणाऱ्या शॉटला एक पंख लागेलच, एकाच बाजूचा बांधा, १५ हजारांत निघेल.