१९७१ च्या युद्धातील जखमेची नोंद डिस्चार्ज बुकात नाही. वुंड मेडलसाठी दुरुस्ती कशी करून घ्यावी?

प्रश्न: माजी सैनिकाचा मुलगा, सातारा जिल्हा

नमस्कार. माझे वडील, ज्यांना घरात आणि गावातही सगळे तात्या म्हणतात, १९६६ साली पायदळात भरती झाले आणि १९८१ साली नाईक पदावरून पेन्शनवर आले. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला आपल्या फौजेने जो वेढा घातला होता, त्यात त्यांची पलटण होती. हे ठाणे ११ डिसेंबरला पडले. त्याच्या आदल्या रात्री मॉर्टरचा गोळा खंदकाच्या तोंडाशी फुटला आणि स्प्लिंटर, म्हणजे गोळ्याचा तुकडा, तात्यांच्या डाव्या पोटरीत घुसले. तीन महिने ते मिलिटरी हॉस्पिटलात होते. गेल्या वर्षी गुडघ्यासाठी एक्स-रे काढला, तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा अजून तिथेच असल्याचे दिसले. डॉक्टरांनी विचारले, तर तात्या म्हणाले, "तो माझा सोबती आहे, राहू द्या."

त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या नोंदवहीत, 'पूर्वी स्टार' हे मेडल, संग्राम मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल यांची नोंद आहे. वुंड मेडलची, म्हणजे पराक्रम पदकाची, मात्र नाही. त्यांनी ते कधी मागितलेही नाही. गेल्या विजय दिवसाच्या कार्यक्रमात मात्र त्याच खंदकात, त्याच गोळ्याने जखमी झालेले त्यांचे जोडीदार भेटले आणि त्यांच्या छातीवर मधोमध लाल पट्टा असलेली ती पांढरी फीत होती. घरी येईपर्यंत तात्या एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक उघडून सगळे कागद माझ्यापुढे ठेवले.

आम्ही दोनदा अर्ज केला. पहिल्याला उत्तर आले की अशी नोंद आढळत नाही. दुसऱ्याला, की इतक्या वर्षांनी मेडलच्या मागणीचा विचार करता येत नाही. आता पुढे काय करावे? पलटणीचे आणि कार्यालयाचे नाव मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही.

उत्तर: निवृत्त सुभेदार (क्लार्क), कोल्हापूर

तात्यांना माझा रामराम सांगा. माझी निम्मी नोकरी शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदींचे कागद, लिहिण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन्ही अर्जांत तुम्ही मेडल मागितले असणार, आणि माझ्या मते अडचण तिथेच झाली आहे. जवान शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झाला, एवढीच वुंड मेडलची अट असते. ती पूर्ण झाली आहे की नाही हे मेडल देणारा अधिकारी स्वतः शोधायला जात नाही. तो फक्त नोंद पाहतो. जखमेची नोंद बॅटल कॅजुअल्टी, म्हणजे लढाईतली जखम, म्हणून असेल तर मेडलचा मार्ग मोकळा असतो. फिजिकल कॅजुअल्टी, म्हणजे अपघात किंवा आजार, अशी असेल किंवा नोंदच नसेल, तर मागणी पहिल्याच टेबलावर थांबते. म्हणून यापुढे अर्ज मेडलसाठी करू नका, नोंदीच्या दुरुस्तीसाठी करा. नोंद सुधारली की मेडलची मागणी त्याच पत्रात शेवटच्या दोन ओळींत करता येते.

ही नोंद कशी होते तेही समजून घ्या. पलटणीत जे जे घडते, मग ती रजा असो, बढती असो, लग्न असो, मुलाचा जन्म असो वा जखम असो, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापले जाते, आणि त्या ऑर्डरच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसातला क्लार्क जवानाच्या शीट रोलवर नोंद घेतो. लढाई चालू असताना ही ऑर्डर पलटणीच्या मागच्या तुकडीतून निघत असे, आणि पुढून आलेल्या तारेवरून, कधी कधी अर्धवट पुसलेल्या चिठ्ठीवरून, नावे उतरवली जात. जवानाच्या लष्करी नंबरातला एक आकडा चुकला तरी नोंद दुसऱ्याच जवानाच्या शीट रोलवर जाते किंवा कुठेच जात नाही.

आता तुमच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तात्यांचे जोडीदार. एकाच गोळ्याने दोघे जखमी झाले असतील, तर दोघांची नावे बहुधा एकाच ऑर्डरमध्ये असणार. त्यांच्या डिस्चार्ज बुकात वुंड मेडलच्या नोंदीशेजारी पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लिहिली आहे का, ते आधी पाहा. तो क्रमांक मिळाला तर तीच ऑर्डर मागवा. शिवाय त्यांचे प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात खंदकाची जागा, वेळ आणि जखमींना मागे कोणी नेले हे त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. वकिली भाषेतली प्रतिज्ञापत्रे मी कितीतरी पाहिली, ती सगळी एकसारखी वाटतात.

अर्ज तात्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच जायला हवा: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अनेक लोक थेट दिल्लीला लिहितात, आणि ते पत्र फिरून पुन्हा इथेच येते.

उत्तर: माजी सैनिकाची मुलगी, अहिल्यानगर

सुभेदार साहेबांच्या सल्ल्यात एका अनुभवाची भर घालते. मी वडिलांच्या शीट रोलची प्रत माहितीच्या अधिकारात माझ्या नावाने मागितली, तेव्हा ती त्रयस्थाची वैयक्तिक माहिती असल्याचे सांगून नाकारली गेली. नंतर तोच अर्ज वडिलांच्या सहीने, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून केला आणि प्रती मिळाल्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे. शीट रोलबरोबर वैद्यकीय कागदही मागा: जखमेचा अहवाल, हॉस्पिटलातील दाखल-डिस्चार्जचे कागद, मेडिकल कॅटेगरी बदलल्याची नोंद आणि सेवा संपतानाच्या मेडिकल बोर्डाचा कागद. माझ्या वडिलांचा जखमेचा अहवाल नष्ट झाला होता, पण शेवटच्या बोर्डाच्या कागदावर जखमेचे कारण एका ओळीत लिहिलेले निघाले, आणि त्या एका ओळीवर त्यांचे काम झाले.

उत्तर: वकील, पुणे

विलंबाच्या मुद्द्यावर थोडेसे. तुमच्या दुसऱ्या अर्जाला आलेल्या उत्तराने खचून जाऊ नका. नवीन पुराव्यासह केलेले निवेदन ही केवळ जुन्या मागणीची पुनरावृत्ती ठरू नये, म्हणून नवे काय मिळाले ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, किंवा झालेला निर्णय विरोधात गेला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून अर्जाची मुदत सहा महिने आहे, आणि पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पण आधी रेकॉर्ड ऑफिसचा मार्ग पूर्ण करा. नोंदीतील चूक कागदानेच सिद्ध होत असेल, तर खटल्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. मेडल मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणालाही मूळ डिस्चार्ज बुक देऊ नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल तात्यांच्या जोडीदारांकडे जाऊन आलो. त्यांच्या बुकात ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, दोन्ही आहेत. पण खरा धक्का घरीच बसला. ट्रंकेतल्या जुन्या पाकिटात हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप सापडली. घड्यांवर ती फाटली आहे, शाई तपकिरी झाली आहे, तरी "जीएसडब्ल्यू (गन शॉट वुंड) स्प्लिंटर, डावी पोटरी" आणि जखमेची डिसेंबर १९७१ ची तारीख वाचता येते. नाव बरोबर आहे, गावही बरोबर आहे, पण लष्करी नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले आहेत: ३६ च्या जागी ६३. तात्यांनी स्लिप हातात घेतली आणि नुसते म्हणाले, "एवढ्यासाठी?"

आता विचारायचे एवढेच, की ही चूक अर्जात दाखवावी का? स्लिपवर दुसऱ्याचाच नंबर आहे असे म्हणून ती नाकारली जाईल अशी मला भीती वाटते.

उत्तर: निवृत्त सुभेदार (क्लार्क), कोल्हापूर

लपवू नका, हीच तुमच्या अर्जाची पहिली ओळ करा. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पलटण जुळत असताना फक्त दोन आकडे उलटे असतील, तर नोंद का सापडली नाही याचे उत्तर तिथेच मिळते. ऑर्डर मागवताना दोन्ही नंबर लिहा, आणि ६३ वर संपणाऱ्या नंबरच्या शीट रोलवर डिसेंबर १९७१ मधील जखमेची नोंद चुकून गेली आहे का, हे कार्यालयानेच तपासावे अशी विनंती करा. त्या जवानाचे कागद स्वतः मागू नका. मूळ स्लिप घरीच ठेवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित केलेली प्रत जोडा.

मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. म्हणून पत्राच्या शेवटी बरोबर नंबर अक्षरांतही लिहा, आणि तात्यांना डिस्चार्ज बुकावर आहे तशीच सही करायला सांगा, हात थरथरला तरी चालेल.