मूकपटातल्या नट्या म्हणजे नुसता चेहरा?

मंजिरी
काल इथं कुणी लिहिलं, "सुलोचना (रुबी मायर्स) गोरी, देखणी म्हणून चालली. बोलपट आला आणि पितळ उघडं पडलं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. १९२७च्या 'वाईल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिनं आठ भूमिका केल्या. त्यात माळी होता, पोलीस होता, केळीवाली होती. देखणेपणावर पोलिसाचं काम निभावतं?

वसंत
वाक्य माझं आहे. इम्पीरियल फिल्म कंपनीची सगळ्यात मोठी नटी ती, तरी इम्पीरियलनं पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) दिला जुबेदाला. जुबेदाही मूकपटातलीच ना? तिला हिंदुस्तानी येत होतं, हिला नव्हतं. आणि डोक्यावर घ्यायचंच तर दुर्गाबाई कामतांना घ्या.

अरुंधती
दुर्गाबाईंचं नाव काढलंत, बरं झालं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कोण? अण्णा साळुंके, हॉटेलातला आचारी. बायका मिळेनातच. त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि लेक कमलाबाई मोहिनी. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मायलेकी. लोक काय बोलले असतील, विचार करा.

वसंत
साळुंक्यांना कमी लेखू नका. 'लंकादहन'मध्ये राम तेच, सीताही तेच!

अरुंधती
कमी कोण लेखतंय? माझा राग वेगळाच आहे. कमलाबाईंचं नाव निघालं की लगेच 'विक्रम गोखल्यांच्या आजी'. अहो, ती मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना पडद्यावर आली. नातवाच्या आधी तिचं स्वतःचं काही नव्हतं का?

मंजिरी
पटलं. पण मूळ मुद्दा राहिला बाजूला.

श्रीकांत
मुद्द्यावर मी येतो. शाळेच्या नाटकात माझ्या तोंडून 'पाणी'चं 'पानी' झालं. सगळे हसले. बाईंनी माझं काम काढून मला झाड केलं, दोन्ही हातांत फांद्या. पुन्हा स्टेजवर चढलो नाही. आणि ही सुलोचना एवढं नाव कमावल्यावर, चोविसाव्या वर्षी, काम थांबवून भाषा शिकायला बसली. वर्षभर! मग १९३२ला 'माधुरी' हा बोलपट. वसंतराव, याला पितळ म्हणता?

वसंत
बरं, 'पितळ' खोडतो. मेहनत मान्य. 'देखणी म्हणून चालली' मात्र राहील.

मंजिरी
तेही खोडा. १९२८च्या मूक 'अनारकली'त नायिका ती, १९३५च्या बोलक्या 'अनारकली'तही तीच. १९५३च्या 'अनारकली'त सलीमची आई. पंचवीस वर्षं कुणी नुसत्या चेहऱ्यावर काम देत नाही.