सम्राटाचा राजदूत, एलची, हेजीब की वकील?

विचारणा

एका दिवाळी अंकासाठी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याचा दरबार यावर लेख लिहिते आहे. त्यात एक माणूस पानोपानी येतो, यूस्टस शाप्वी. सव्हॉय प्रांतातल्या आन्सी गावचा, कायद्याचा डॉक्टर. १५२९ मध्ये लंडनला आला आणि मधला थोडा काळ सोडला तर थेट १५४५ पर्यंत तिथेच होता. इंग्रजी पुस्तकांत त्याचं पद ‘इम्पीरिअल अँबॅसेडर’ असं दिलेलं असतं. पहिल्या खर्ड्यात मी ‘साम्राज्याचा राजदूत’ लिहिलं. ते बरोबर वाटतं, पण वाचताना जीभ अडखळते. मग एका ठिकाणी ‘वकील’ करून पाहिलं, तर संपादकांचं म्हणणं पडलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे काळा कोट उभा राहील. जुन्या मराठीत हेजीब, एलची असेही शब्द दिसतात. यांत नेमका फरक काय? सोळाव्या शतकातल्या अशा माणसाला कोणता शब्द शोभेल?

प्रतिसाद

आधी ‘इम्पीरिअल’चं बघू, कारण तिथे चूक फार लवकर होते. काही अनुवादांत ‘साम्राज्यवादी’ हा शब्द सर्रास दिसतो. तो इथे साफ चुकीचा आहे. साम्राज्यवाद ही विचारसरणी झाली. इथे अर्थ एवढाच की हा माणूस सम्राटाचा आहे, आणि तो सम्राट म्हणजे पाचवा चार्ल्स. १५१६ पासून स्पेनचा राजा, १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडून आलेला. शाप्वीला नुसतं ‘स्पेनचा राजदूत’ म्हटलं तरी अर्थ तोकडा पडतो. तो स्वतः स्पॅनिश नव्हता आणि आपल्या धन्याला पत्रं लिहायचा ती फ्रेंचमध्ये. ‘बादशाही’ म्हणावं तर मराठी कानाला दिल्ली किंवा विजापूर ऐकू येतं. माझं मत असं की विशेषण करूच नका, षष्ठी वापरा. ‘सम्राटाचा अमुक’. मराठीला षष्ठी सहज पेलते.

आता ‘अमुक’च्या जागी काय, ते पाहू.

‘एलची’ मूळचा तुर्की. ‘एल’ म्हणजे मुलूख, लोक. त्याला ‘ची’ लागून मुलखाच्या वतीने जाणारा. फारसीतून आपल्याकडे आला. शब्द डौलदार आहे, पण मराठी वाचकाला आज तो कादंबरीतलाच वाटतो.

‘हेजीब’ची गोष्ट मला फार आवडते. मूळ अरबी ‘हाजिब’, म्हणजे पडद्यापाशी किंवा दाराशी उभा राहणारा, राजाच्या भेटीला कोणाला आत सोडायचं हे ठरवणारा. ‘हिजाब’ याच धातूतून आलाय. दक्षिणेतल्या सुलतानांच्या दरबारांत हाच शब्द परराज्यात पाठवायच्या माणसाला लागला. दारातला माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला! बखरींत हेजीब भेटतो आणि त्याच्या कामगिरीला हेजिबी म्हणतात. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखान उतरला तेव्हा खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांनी जे येणं-जाणं केलं, ते याच जातीचं. एक मामला, त्यापुरती बोलणी, आणि मामला संपला की माणूस घरी. शाप्वी परक्या शहरात तब्बल सोळा वर्षांची कारकीर्द काढतो. त्याला हेजीब म्हणणं मला जड जातं.

‘राजदूत’ चुकीचा नाही, पण आजच्या वापरामुळे त्याला परराष्ट्र मंत्रालय, गाडीवरचा झेंडा, ओळखपत्र असं सगळं चिकटलंय. शिवाय दूत म्हटलं की निरोप पोचवणारा हा अर्थ पुढे येतो. शाप्वीचं काम निरोप पोचवण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. तिथे राहायचं, ऐकायचं, राजाशी वाद घालायचा, दरबारातली माणसं जोडायची आणि घडेल ते सविस्तर लिहून धाडायचं.

या कामाला आपल्याकडे रुळलेला शब्द ‘वकील’ हाच. दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. १७८६ मध्ये पुण्यात आलेला इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट, त्यालाही मराठी कागदांत इंग्रजांचा वकील म्हटलेलं आढळतं. अरबी ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो, आपल्या वतीने बोलणारा. पुढे इंग्रजी अमदानीत अदालतींच्या कामात हा शब्द पक्का झाला आणि दरबारातला वकील मागे पडला. पण पुरता गेला नाही. ‘वकिलात’ बघा. वर्तमानपत्रात आजही ‘अमेरिकी वकिलात’ छापून येतं आणि तिथे कायद्याची सनद घेतलेले लोक बसतात असं कोणालाही वाटत नाही. वाडा शिल्लक राहिला, मालक तेवढा दुसऱ्या गावी गेला.

शाप्वीच्या बाबतीत तर संपादकांना वाटणारी अडचण ही अडचणच नाही. त्याला लंडनला पाठवलं तेच कायदा जाणणारा माणूस हवा होता म्हणून. हेन्रीला कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉनशी झालेलं लग्न मुळात अवैध होतं असं ठरवून हवं होतं. कॅथरिन ही चार्ल्सची सख्खी मावशी. १५२९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये पोपच्या प्रतिनिधींपुढे खटला उभा राहिला, तहकूब झाला आणि रोमला वर्ग झाला. त्यानंतर लगेच शाप्वी आला. त्याने दरबारात चार्ल्सची वकिली केली आणि कॅथरिनचं वकीलपत्रही घेतलं. वाचकाला काळा कोट दिसला तर दिसू द्या. त्याच्या अंगात तो होताच.

मूळ विचारणारी

सर, ‘वकीलपत्र’ हा शब्द मला सुचलाच नव्हता. लेखात नक्की घेणार. त्याला लागूनच दुसरी शंका. शाप्वी आपल्या पत्रांत अ‍ॅन बोलिनला, म्हणजे कॅथरिननंतर हेन्रीने जिच्याशी लग्न केलं तिला, ‘कॉन्क्युबाइन’ म्हणतो. मी ‘उपपत्नी’ लिहिलंय. ‘रखेल’ फार उघडं वाटलं.

प्रतिसाद

उघडं आहे, आणि त्याला तसंच हवं होतं. ‘उपपत्नी’त पत्नी येते, कमी दर्जाची का होईना. शाप्वीचं सगळं भांडण तर याच शब्दावर होतं की अ‍ॅन पत्नी नाहीच. जानेवारी १५३३ मध्ये हेन्रीने तिच्याशी लग्न केलं, १ जूनला तिच्या डोक्यावर मुकुट चढला, तरी सम्राटाचा वकील तिला राणी म्हणायला तयार नव्हता. तुमच्या ‘उपपत्नी’ने त्याचा दावाच सैल होतो. ‘रखेल’ ठेवा. पेशवाईतला ‘नाटकशाळा’ घेऊ नका, त्याला नाचगाण्याचा वास आहे.

दुसरी बाजूही बघा. १५३३ मध्ये हेन्रीने हुकूम काढला की कॅथरिनला यापुढे राणी म्हणायचं नाही. तिचा पहिला नवरा, हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर, १५०२ मध्येच वारला होता. त्याची विधवा म्हणून जी पदवी येते तीच लावायची. मराठीत ती ‘विधवा युवराज्ञी’ होईल. शाप्वी पत्रांत तिला शेवटपर्यंत ‘राणी’च लिहितो. तेव्हा ‘राणी’ आणि ‘रखेल’ हे दोन्ही शब्द लेखात त्याच्या तोंडी आले पाहिजेत. त्यातला एकही मऊ केला तर तो माणूस कळणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

मध्येच बोलतोय. मला शाप्वीच्या कारकिर्दीतला एक प्रसंग शब्दांच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. १५३६ चा एप्रिल, ईस्टरनंतरचा मंगळवार, ग्रिनिचचा राजवाडा. कॅथरिनला जाऊन तीन महिने झालेत. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल येऊन सुचवतो की जाऊन अ‍ॅनची भेट घ्या, रीतीप्रमाणे चुंबन घेऊन तिचा मान राखा. शाप्वी नम्रपणे नकार देतो. मग अ‍ॅनचाच भाऊ त्याला प्रार्थनेसाठी चॅपलमध्ये घेऊन जातो आणि नेमकं त्या दाराशी उभं करतात जिथून राजा-राणी आत येणार. अ‍ॅन येते, पुढे न जाता वळते आणि त्याच्यापुढे मान लववते. तोही लववतो.

इथे ‘मुजरा केला’ असं लिहू नका. मुजरा खालच्याने वरच्याला करायचा असतो. अ‍ॅनने आधी मान लववली, याने उलट मान दिला. एवढीच गोष्ट आणि तीही सभ्यतेची, पण दरबारभर झाली. १९ मे रोजी अ‍ॅनचा शिरच्छेद झाला, म्हणजे तो मान जेमतेम महिनाभर टिकला.

आणि ‘दूत’ अगदीच टाकू नका हो. कौटिल्याने दूताचे तीन प्रकार केलेत. निसृष्टार्थ म्हणजे ज्याला पूर्ण अधिकार, परिमितार्थ म्हणजे ठरल्या मर्यादेत बोलणारा, आणि शासनहर म्हणजे नुसती लेखी आज्ञा नेणारा. शाप्वी परिमितार्थ. चार्ल्सने इंग्लंडवर हत्यार उचलावं असं त्याने परोपरीने लिहिलं. चार्ल्सला तुर्क होते, फ्रान्स होतं, शिवाय आपल्यापायी युद्ध व्हावं असं कॅथरिनच्या मनात नव्हतं. शाप्वीच्या हातात उरलं ते बोलणं आणि लिहिणं.

प्रतिसाद

परिमितार्थ पटलं. लेखात कंसात नको, पण एका वाक्यात जरूर घ्या.

एक राहिलं. कॅथरिनही १५०७ मध्ये, विधवा असताना, आपल्या बापाची म्हणजे फर्डिनांडची वकील म्हणून हेन्रीच्या वडिलांच्या दरबारी नेमली गेली होती. तिच्यासाठी तुम्ही ‘वकील’ हाच शब्द वापरलात, तर जानेवारी १५३६ मध्ये किंबोल्टनच्या वाड्यात तिच्या आजारपणात शाप्वी रोज येऊन बसत होता ती भेट वाचकाला वेगळी दिसेल. एक वकील दुसऱ्या वकिलाच्या उशाशी. तिला जरा बरं वाटलं म्हणून तो निघाला आणि ७ तारखेला ती गेली.

मूळ विचारणारी

‘सम्राटाचा वकील’ कायम केलं. शेवटचं विचारते. १५४५ च्या मे महिन्यात तो परत निघाला तेव्हा संधिवाताने इतका जखडला होता की त्याला खुर्चीत बसवून राजवाड्याच्या बागेत नेलं. तिथे हेन्रीची तेव्हाची राणी कॅथरिन पार आणि राजकन्या मेरी त्याला भेटायला आल्या. राणीने त्याला उठू दिलं नाही, सम्राटासाठी आपले नमस्कार सांगितले, आणि मग काही पावलं मागे सरून उभी राहिली, म्हणजे मेरीला त्याच्याशी मोकळं बोलता यावं. पहिल्या कॅथरिनची मुलगी ती. या परिच्छेदाला ‘निरोप समारंभ’ म्हणू का?

प्रतिसाद

‘समारंभ’ काढून टाका. नुसतं ‘निरोप’. मराठीत निरोप घेतात, निरोप देतात आणि निरोप सांगतातही. त्या बागेत तिन्ही झालं. राणीने चार्ल्ससाठी निरोप सांगितला, मेरीने याला निरोप दिला, याने घेतला. त्यानंतर तो नेदरलंड्सकडे गेला, लूव्हाँमध्ये सव्हॉयच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यालय काढलं, आणि २१ जानेवारी १५५६ ला तिथेच वारला.