सांगलीच्या घराचं स्वयंपाकघर

वहिनी: सगळ्यांना नमस्कार. गणपती गेले की स्वयंपाकघराचं काम काढायचं म्हणतोय, दिवाळीचा फराळ नव्या ओट्यावर व्हावा. दीड लाखाच्या वर जाता येणार नाही. ओटा जेमतेम ३० इंच, वाकून वाकून आईंची आणि माझी कंबर धरते. सिंकखाली पाइप गळतोय. ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे कढईत आपलीच सावली. काल मॉड्युलरवाले माप घेऊन गेले, सव्वातीन लाख सांगितले.

पुण्याचे दादा: जास्त आहेत, पण एकदाच करायचंय. पन्नास हजार मी घालतो. ट्रॉल्या, वर कपाटं, चिमणी, सगळं नीट होऊ दे. आईनं सगळा जन्म त्या अंधारात काढलाय.

वहिनी: भावजी, तुमचं मन कळतं. पण त्यांच्या कागदावर खालची सगळी कपाटं एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीची आहेत. २०१९ ला आपल्याकडं पाणी ओट्याच्या वर होतं, २०२१ ला परत उंबरा ओलांडून आत आलं. मला ते कपाट नकोच वाटतंय.

खणभागच्या आत्या: बरोबर बोलतीयस. त्या महापुरानंतर आमच्या गल्लीत घराघरांतून फुगलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आणून टाकल्या होत्या. हात लावला की भिजलेल्या बिस्किटासारखा तुकडा हातात यायचा. हप्ते फिटायचे होते काहींचे. आमच्या कडाप्प्याच्या मांडणीवर पाइप मारला, गाळ गेला, फिनेलनं पुसलं आणि डबे परत जागेवर.

दादा: मग वॉटरप्रूफ प्लाय घेऊ. थोडा महाग पडेल इतकंच.

धाकटे काका: मी सविस्तर लिहितो, बांधकामाच्या साइटवर हयात गेलीय माझी.

आयएस ७१० मानकाचा वॉटरप्रूफ प्लाय उकळत्या पाण्यातल्या चाचणीला उतरतो, माल चांगलाच असतो. पण पुरात कपाट गाळात दिवसेंदिवस बसतं. बिजागऱ्या, चॅनेल, कडेच्या पट्ट्या त्यात टिकत नाहीत, आणि गाळ सांध्यांत शिरला की वास जात नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. त्या घरात राहायचं तर ओट्याखाली फुगणारं काही नको. कडाप्प्याचे कप्पे करा, त्यात स्टीलच्या जाळीच्या सुट्या बास्केट. पाणी चढायला लागलं की उचलून माळ्यावर. झुरळं-उंदरांसाठी दारं हवीतच, ती ॲल्युमिनियमची करा, चार स्क्रू काढले की हातात येतील अशी.

आता भिंत. मागची भिंत विटा-मातीची आहे, तिच्यावर पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडते आणि लोणा लागून, म्हणजे क्षार फुलून, पापुद्रे सुटतात. दर दिवाळीला रंग देऊन हे झाकलं जातं, बरं होत नाही. सुटलेला गिलावा काढून चुन्याचा करा, वर चुनाच मारा, ऑइलपेंट अजिबात नको. टाइल ओट्यामागं दोन फूट पुरे. छतापर्यंत टाइल लावली तर भिंतीला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

त्या भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारू देऊ नका, माती ढासळते. वरून केसिंग-कॅपिंग करा, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीतून वायर न्या. महापुराची खूण जमिनीपासून चार फुटांवर आहे ना? सगळे बोर्ड तिच्या वर. इंडक्शन २००० वॅटची म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास खेचते, तिला १६ अँपिअरचा पॉइंट आणि कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर. आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या हातानं मिक्सर लावणाऱ्या घरात यावर काटकसर करायची नाही.

आई: माझं भिंतीतलं फडताळ बुजवू नका. लोणच्याच्या बरण्या तिथंच गार राहतात.

वहिनी: आई, फडताळाला कुणी हात लावणार नाही. दारं तेवढी पॉलिश करू, सागवान आहे ते.

ताई: ओट्याची उंची किती करायची? मॉड्युलरवाले सगळ्यांना ३४ सांगतात.

काका: जी जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपरावरून ठरवायची. कोपर वाकवून जमिनीपासून माप घ्या, त्यातून ४ ते ६ इंच कमी करा. आपल्याकडं ३३ च्या आसपास येईल. कडाप्पा अखंड निघाला तर खाली विटेचा एक थर वाढवून तोच परत बसवू, नवीन दगडाचे पैसे वाचतील. भेगाळला असेल तर मात्र नवा.

ताई: आणि वहिनी, वरच्या फळीखाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी लाव. सावली जाते. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडणार नाही.

दादा: चिमणी पण नको का मग?

वहिनी: खिडकी शेगडीच्या वरच आहे भावजी, तिथं १२ इंची एक्झॉस्ट बसतो. फोडणीचा धूर सरळ बोळात जाईल. चिमणीचं पुढं बघू.

काका: सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. भिंतीत कडी ठोकून साखळीही लावा, पुरात टाक्या तरंगतात.

दादा: पटलं. पन्नास हजार तरी पाठवतो.

वहिनी: पाठवा, पण ओट्यासाठी नको. स्वयंपाकघरावरची कौलं तीन ठिकाणी गळतात. आधी ती फिरवून घ्यायला हवीत, नाहीतर नवा चुना पहिल्याच पावसात ओला होईल. बाकी दीड लाखाचा हिशेब हजारांत असा धरलाय: गवंडी आणि प्लंबर मजुरीसकट ४५, दगड-टाइल ३५, वायरिंग २०, ॲल्युमिनियमची दारं १५, एक्झॉस्ट आणि दिवे ६, चुना आणि गिलावा १०. राहिलेले १९ हजार हातात ठेवते. जुनं घर आहे, उकरल्यावर काय निघेल सांगता येत नाही. गळका जीआय, म्हणजे लोखंडी पाइप मुळापासून काढून सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाकायचाय.

आत्या: काम चालू असताना दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून. नको म्हणू नकोस.

वहिनी: नाही म्हणत आत्या. चहापुरती शेगडी पडवीत मांडते.

दादा: मॉड्युलरवाल्यांना मीच फोन करून नको म्हणतो. कौलांचे आज टाकतो.

वहिनी: काका, रविवारी दहाला गवंडी येतोय. तुम्ही लेव्हल पट्टी घेऊन या, मोरीकडं फरशीचा उतार किती ते तुमच्यासमोरच ठरवू.

काका: साडेनऊला येतो. आधी कडाप्पा ठोकून बघू.