असील जातीची कोंबडी घ्यायची आहे, बजेट ५ हजार, कोणती बघू?

गोंडपिपरीकर: मंडळी, परसात गावरान कोंबड्या आहेत, अंडी घरीच उबवून पिल्लं वाढवायची आहेत. बाजारात असील दिसते, मजबूत वाटते. झुंजीसाठी नको, पाळायलाच. ५ हजारात जाळीपण बसवायची आहे. कोणत्या रंगाची घेऊ?

वऱ्हाडी_मामा: रंगावर जाऊ नको भाऊ. पिवळा, याकूब, नुरी, कागर ही रंगाचीच नावं, विकणारा त्यावर भाव चढवतो. पायाची नळी जाड, मान लांब, तुरा बारका डोक्याला चिकटलेला अन् चोचीखाली लोंबती कातडी जवळपास नाही, एवढं बघ. माझा नुरी कोंबडा चार किलोचा, अख्ख्या गावात तसा नाही. १० हजाराची जोडीच घे.

कडकनाथप्रेमी: त्यापेक्षा कडकनाथ घ्या. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, मागणी आहे.

वऱ्हाडी_मामा: त्यानं असील विचारलंय.

साताऱ्याचा_पोल्ट्रीवाला: अंडी पाहिजेत तर असील नकोच, फार कमी देते. ग्रामप्रिया घ्या, अंड्यांसाठीची सुधारित जात आहे. आमच्याकडे असीलची पिल्लं महिन्याची पण नव्हती तर एकमेकांची डोकी फोडायला लागली, एकाचा डोळा गेला, शेवटी खुराडी वेगळी केली. ब्रॉयलर परवडला.

वऱ्हाडी_मामा: ब्रॉयलरमध्ये पण असीलचंच रक्त आहे, इंग्लंडमध्ये असील वापरून कॉर्निश ही जात तयार केली अन् ब्रॉयलर त्या कॉर्निशमधून आला.

साताऱ्याचा_पोल्ट्रीवाला: असेल, पण ब्रॉयलर दीड महिन्यात विकला जातो, असील वजन धरायला किती महिने घेते ते पण सांगा की.

लातूरची_आक्का: भांडू नका रे. उबवायचंय ना त्याला? मग असीलसारखी कोंबडी नाही. माझी खुडुक बसली की दाणा टाकला तरी पटकन उठत नाही, दुसरीची अंडी ठेवली तरी उबवते, पिल्लांजवळ मांजर आलं तर अंगावर धावते. काटक म्हणून लस मात्र टाळू नको, मानमोडी रोगाची लासोटा लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात, मग सहा-आठ आठवड्यांचं झालं की त्याच रोगाची आरटूबी लस.

नवखा_पाळक: मी पण हेच म्हणतो, लस महत्त्वाची. आणि दोन कोंबडे एकत्र नको. जोडीच घ्या.

गोंडपिपरीकर: सगळे जोडी म्हणताय पण मी कोंबडा घेत नाही. झुंजवाल्यांमुळे कोंबड्याचेच भाव चढलेत, १९६० च्या कायद्याने झुंज लावणं गुन्हा असून पण. अंड्यावर आलेल्या दोन असील कोंबड्या ठरवल्या, खाली गावरान अंडी ठेवणार. उरलेल्यात जाळी आणि लस.

वऱ्हाडी_मामा: कोंबड्याशिवाय असीलची जात पुढे कशी जाणार? पुन्हा विचार कर, माझ्या नुरीची पिल्लं निघतील तेव्हा सांगतो.