एमरॅममध्ये माहिती लिहिणे अजून इतके अवघड का आहे?

प्रश्न | नवा_अभ्यासक

मी भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असून प्रकल्पासाठी स्पिनट्रॉनिक्स (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणाचा, वापर करणारे शास्त्र) हा विषय घेण्याच्या विचारात आहे. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधलेला जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकीय थरांच्या दिशांनुसार विद्युतरोधात होणारा मोठा बदल), पुढे हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षात झालेला त्याचा वापर आणि २००७ चे नोबेल पारितोषिक, इथवरचा भाग पाठ्यपुस्तकांत नीट मिळतो. त्यानंतरचे चित्र मात्र मला जुळवता येत नाही. एमरॅम (चुंबकीय दिशेच्या रूपात माहिती साठवणारी मेमरी) वीज गेल्यावरही माहिती टिकवते, फ्लॅशपेक्षा कितीतरी वेगाने लिहिता येते आणि अधिक वेळा लिहिले तरी टिकते, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग संगणकाची मुख्य मेमरी आजही डीरॅमच (वीज असेपर्यंतच माहिती टिकवणारी नेहमीची मेमरी) का आहे? सध्याचे संशोधन नेमकी कोणती अडचण सोडवू पाहत आहे, आणि स्कर्मियॉन, आल्टरमॅग्नेट यांचा तिच्याशी काय संबंध आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर | पातळ_थर

मुख्य अडचण लिहिण्याची आहे. एमरॅमच्या प्रत्येक बिटात एक मॅग्नेटिक टनेल जंक्शन असते, म्हणजे दोन चुंबकीय थर आणि त्यांच्यामध्ये सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा विद्युतरोधक थर. एका चुंबकीय थराची दिशा पक्की असते, दुसऱ्याची बदलता येते. दोन्ही दिशा समांतर असताना रोध कमी असतो, विरुद्ध असताना जास्त. या रोधातील फरक २००४ मध्ये खोलीच्या तापमानाला २०० टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि २००८ मध्ये तोहोकू विद्यापीठाच्या गटाने ६०४ टक्क्यांची नोंद केली. प्रत्यक्ष चिपमध्ये तो याहून बराच कमी असतो, तरी वाचनापुरता पुरेसा ठरतो.

लिहिताना मात्र दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. बिट आपोआप उलटू नये यासाठी त्याच्या दोन अवस्थांमध्ये ऊर्जेचा अडथळा लागतो. हा अडथळा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ४० पट असेल, तर एकटा बिट सरासरी काही वर्षे टिकतो. कोट्यवधी बिटांच्या चिपमध्ये एकही बिट दहा वर्षांत चुकू नये अशी अपेक्षा असेल, तर तो ६० पटींच्या पुढे न्यावा लागतो. जो अडथळा माहिती जपतो, तोच लिहिताना ओलांडावा लागतो. १९९६ मध्ये स्लॉन्झेव्स्की आणि बर्जर यांनी सुचवलेल्या स्पिन ट्रान्स्फर टॉर्क पद्धतीत (यात प्रवाहातील इलेक्ट्रॉनांचा स्पिन चुंबकीय थराची दिशा वळवतो) हे काम त्या पातळ ऑक्साइडमधून जाणारा विद्युतप्रवाहच करतो, आणि त्याची घनता दर चौरस सेंटीमीटरला दहा लाख अँपिअरच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असते. त्यामुळे ऑक्साइडवर ताण येतो, आणि एवढा प्रवाह पुरवणारा ट्रान्झिस्टर मोठा ठेवावा लागल्याने बिटने व्यापलेली जागाही वाढते. डीरॅमच्या घनतेशी बरोबरी होत नाही ती मुख्यतः इथे. मायक्रोकंट्रोलरमधील फ्लॅशच्या जागी मात्र एमरॅम खरोखर वापरात आले आहे, कारण तिथे घनतेपेक्षा टिकाऊपणा आणि वेग महत्त्वाचा असतो.

उत्तर | कक्षा_आणि_स्पिन

वरील विवेचनात एक भर घालतो. स्पिन ट्रान्स्फर टॉर्कमध्ये दोन्ही थरांच्या दिशा अगदी एका रेषेत असताना टॉर्क शून्य असतो, त्यामुळे औष्णिक हालचालीने दिशा किंचित ढळेपर्यंत थांबावे लागते आणि वेगावर मर्यादा येते. यावरचा उपाय म्हणून २०११-१२ पासून स्पिन-ऑर्बिट टॉर्क पुढे आला. यात प्रवाह ऑक्साइडमधून न नेता त्याच्या कडेने, प्लॅटिनम, टँटलम किंवा टंग्स्टन यांसारख्या जड धातूच्या थरातून नेतात. स्पिन हॉल परिणामामुळे वरच्या व खालच्या पृष्ठभागांवर विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन जमतात आणि शेजारच्या चुंबकीय थराची दिशा बदलतात. वाचनाचा आणि लेखनाचा मार्ग वेगळा झाल्याने ऑक्साइड सुरक्षित राहतो, पण दोनाऐवजी तीन टोके जोडावी लागतात. शिवाय पृष्ठभागाला लंब दिशेने चुंबकित असलेला थर निश्चित दिशेने उलटवायचा तर सममिती मोडण्यासाठी सहसा बाहेरून चुंबकीय क्षेत्र द्यावे लागते, आणि चिपमध्ये ते देणे अत्यंत गैरसोयीचे आहे. हे क्षेत्र टाळण्यासाठी काहीजण शेजारी अँटिफेरोमॅग्नेटचा (ज्यात शेजारच्या अणूंच्या चुंबकीय दिशा परस्परविरुद्ध असतात अशा पदार्थाचा) थर ठेवतात, तर काहीजण टंग्स्टन डायटेल्युराइडसारखे कमी सममितीचे स्फटिक वापरतात. माझ्या मते आजचा सर्वांत उपयुक्त प्रश्न हाच आहे.

उत्तर | चुंबकीय_भोवरा

स्कर्मियॉन ही चुंबकीय दिशांची भोवऱ्यासारखी गुंफण असून ती २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये प्रथम आढळली. ती कमी प्रवाहाने सरकवता येते, म्हणून तिच्यात माहिती साठवण्याची कल्पना आकर्षक वाटली. परंतु ती प्रवाहाच्या दिशेने सरळ न जाता एका बाजूला वळते आणि थरातील दोषांत अडकते, त्यामुळे मेमरीचे उद्दिष्ट अजून दूर आहे. आल्टरमॅग्नेटांबद्दल मला अधिक आशा आहे. त्यांचे एकूण चुंबकन शून्य असल्याने शेजारच्या बिटांना त्रास होत नाही, तरीही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्या स्पिननुसार वेगळ्या होतात. २०२४ मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये याचे प्रायोगिक पुरावे प्रसिद्ध झाले. रुथेनियम डायऑक्साइड हा मात्र सर्वाधिक चर्चेतला पदार्थ असूनही त्यात चुंबकीय क्रम मुळात आहे की नाही याबद्दल म्युऑन आणि न्यूट्रॉन प्रयोगांनी गंभीर शंका उपस्थित केली आहे.

प्रश्नकर्ता | नवा_अभ्यासक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या प्रयोगशाळेत स्पटरिंगची (पदार्थांचे पातळ थर देण्याची) यंत्रणा आणि हॉल मापनाची (प्रवाहाला आडव्या दिशेतील व्होल्टेज मोजण्याची) सोय आहे, पण जंक्शन बनवण्याची सोय नाही. एवढ्यावर स्पिन-ऑर्बिट टॉर्कचा प्रकल्प करता येईल का?

उत्तर | पातळ_थर

नक्की करता येईल. जड धातू, कोबाल्ट-लोह-बोरॉन (चुंबकीय थर) आणि मॅग्नेशियम ऑक्साइड असे थर एकावर एक देऊन हॉल पट्टी (हॉल मापनासाठीची अरुंद पट्टी) बनवावी, प्रत्यावर्ती प्रवाह द्यावा आणि हॉल व्होल्टेजच्या दुसऱ्या हार्मोनिकवरून (प्रवाहाच्या दुप्पट वारंवारतेच्या भागावरून) टॉर्क काढावा. मात्र याच संकेतात उष्णतेमुळे येणारे व्होल्टेजही मिसळलेले असते, आणि ते वेगळे न काढल्यास टॉर्कचा आकडा फुगतो. अँटिफेरोमॅग्नेट विद्युतप्रवाहाने उलटल्याचे मानले गेलेले काही संकेत, अँटिफेरोमॅग्नेट मुळीच नसलेल्या नुसत्या प्लॅटिनमच्या थरातही मिळतात, हे २०१९ मध्ये दाखवले गेले. म्हणून चुंबकीय थर नसलेला एक नमुना पहिल्याच दिवशी तयार करा, प्रत्येक मापन त्याच्यावरही तितक्याच काटेकोरपणे करा, आणि प्रवाह वाढवताना पट्टीचा रोध किती वाढतो यावरून तिचे तापमान नोंदवत चला.